श्रीदेवीचं पुनरागमन आणि आपली भाषा

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी 'इंग्लिश विंग्लिश' हा चित्रपट दाखवण्यात आला. त्यानंतर हैदराबादच्या आपल्या मंडळाच्या महिला शाखेच्या वतीने झालेलं हे भाषण.)

 

लाडवांचा एवढा चित्रपट पाहून झाल्यावर तुमचं सगळं लक्ष प्रसादाच्या पातेल्याकडे आहे, हे आम्हाला इथून दिसतंय. आरतीला अजून वेळ आहे, तेवढ्यात आमचं बोलणं संपवतो. बोलायला एकच जण उभी असली तरी हे भाषण सात जणींचं आहे. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी आम्ही काचीगुड्याला एकीच्या घरी जमतो, पुस्तकं वाचतो, कधी चित्रपट पाहतो आणि त्यावर भांडतो. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि धाकटी वहिनी एकतीसची. एखाद्या चित्रपटावर सातही जणींचं एकमत व्हावं, असं आजवर एकदाच घडलं. तो हा चित्रपट. म्हणून भाषणात सगळीकडे 'आम्ही' आहे. त्यात कुणी मोठेपणा पाहू नये.

सुरुवात श्रीदेवीपासूनच केली पाहिजे. मुंबई-पुण्याच्या माणसांना श्रीदेवी 'हिम्मतवाला'पासून माहीत झाली, म्हणजे १९८३ पासून. आपल्याला हैदराबादकरांना ती त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक. १९७२ च्या 'बडि पंतुलु' या तेलुगू चित्रपटात एन. टी. रामाराव आजोबा होते आणि श्रीदेवी त्यांची नात. सात वर्षांनी, १९७९ च्या 'वेटगाडु'मध्ये, तीच त्यांची नायिका! काकू सांगतात, की त्यांच्या सासूबाईंनी यावरून घरात मोठा गहजब केला होता. "कालची नात आज नायिका, हे काय शोभतं का?" असं म्हणत म्हणत त्यांनी तो चित्रपट दोनदा पाहिला. १९७८ चा 'पदहारेळ्ल वयसु' आमच्यातल्या तिघींनी शाळेत असताना पाहिला. १९९० साली 'जगदेक वीरुडु अतिलोक सुंदरी' आला, तेव्हा आरटीसी क्रॉस रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. स्वर्गातली इंद्रजा अंगठी हरवून पृथ्वीवर येते आणि चिरंजीवीच्या घरात राहते, ही गोष्ट आमच्या मुलांना आम्ही भरवताना सांगितली आहे.

तर श्रीदेवी आपल्या शेजारची. पण एक गोष्ट आम्हालाही या चित्रपटाच्या निमित्ताने शोधाशोध केल्यावरच नीट कळली. वडील तमिळ, आई तेलुगू, जन्म १३ ऑगस्ट १९६३ चा, शिवकाशीजवळच्या मीनमपट्टीचा. चार वर्षांची असल्यापासून कॅमेऱ्यासमोर. शाळा अशी धड झालीच नाही. हिंदीत नायिका म्हणून पहिला चित्रपट 'सोलवा सावन', १९७९ चा, समोर आपले अमोल पालेकर. तो चालला नाही. चार वर्षांनी 'हिम्मतवाला' आला आणि तिचं नाव देशभर झालं. पण त्या काळातल्या तिच्या बऱ्याच हिंदी चित्रपटांत जो आवाज ऐकू येतो, तो तिचा नाही. अभिनेत्री नाझ तिच्यासाठी संवाद म्हणायच्या. 'आखरी रास्ता'मध्ये तर रेखाचा आवाज आहे. तिचं हिंदी बरोबर नाही, उच्चार दाक्षिणात्य आहेत, म्हणून. तिने स्वतःचे संवाद पहिल्यांदा स्वतः म्हटले ते 'चांदनी'मध्ये, १९८९ साली.

म्हणजे बघा, 'नगीना' येऊन गेला होता, 'मिस्टर इंडिया' येऊन गेला होता, देशातली सर्वांत मोठी नायिका म्हणून तिचं नाव झालं होतं, आणि तोवर तिच्या बोलण्यावर कुणाचा भरवसा नव्हता. नाच तिचा, डोळे तिचे, विनोदाची वेळ साधणं तिचं. 'चालबाज' ज्यांनी पाहिला त्यांना ते वेगळं सांगायला नको. तोंड मात्र दुसऱ्याचं. हिंदी ती सेटवर ऐकून ऐकून शिकली. मुलाखतींत ती फार थोडं बोलायची. लोक म्हणायचे, गर्विष्ठ आहे. आम्हालाही तसंच वाटायचं. आता वाटतं, ज्या माणसाचं बोलणं चारचौघांत पुन्हा पुन्हा तपासलं जातं, ते माणूस कमीच बोलणार.

मग १९९७ साली 'जुदाई' आला. त्याच वर्षी तिला मुलगी झाली. मध्ये २००४ मध्ये दूरदर्शनसंचावर एक मालिका केली, आधी केलेला एक रखडलेला चित्रपट तेव्हाच कधीतरी येऊन गेला. एरवी ती घरी राहिली. पंधरा वर्षं.

आपल्याकडे नायक कधी 'परत' येत नाहीत, कारण ते कुठे जातच नाहीत. साठीचा नायक विशीच्या नायिकेबरोबर नाचतो आणि आपण तिकीट काढतो. नायिका मात्र लग्न झालं की गेली, आणि परत आली तर त्याला पुनरागमन म्हणायचं. डिंपल 'बॉबी'नंतर पडद्यावर परत दिसली ती अकरा वर्षांनी. आपली माधुरी 'देवदास'नंतर पाच वर्षांनी 'आजा नचले'मध्ये आली आणि तिथेही तिला आधी नाचूनच दाखवावं लागलं. परत येणाऱ्या बाईपुढे दोनच वाटा ठेवलेल्या असतात. एक तर 'पूर्वीइतकीच सुंदर आहे' हे सिद्ध कर, नाहीतर नायकाची आई हो आणि कोपऱ्यात बसून डोळे पूस.

५ ऑक्टोबर २०१२ ला 'इंग्लिश विंग्लिश' लागला तेव्हा श्रीदेवी एकोणपन्नास वर्षांची होती. तिने या दोन्ही वाटा सोडल्या. एका नवख्या दिग्दर्शिकेचा पहिलाच चित्रपट तिने स्वीकारला. ती दिग्दर्शिका पुण्याची, गौरी शिंदे. स्वतःच्या आईवरून हा विषय सुचल्याचं त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. त्यांची आई पुण्यात लोणच्यांचा व्यवसाय करायची. कर्तबगार बाई. पण इंग्रजी जेमतेम, आणि लहानपणी मुलीला त्याची लाज वाटायची. मोठेपणी त्या लाजेची लाज वाटली, तेव्हा हा चित्रपट झाला.

गोष्ट तुम्ही आत्ताच पाहिली, त्यामुळे सगळी सांगत नाही. पुण्याच्या शशी गोडबोले, साडी नेसून रिक्षाने लाडू पोचवणाऱ्या. आडनाव गोडबोले, करतात गोड, आणि बोलायची वेळ आली की घशात आवंढा! हा योग दिग्दर्शिकेने मुद्दाम जुळवला असेल की आपोआप जुळला असेल, यावर आमच्या गटात एक अख्खा शनिवार वाद झाला. 'जॅझ' या शब्दाचा उच्चार चुकला म्हणून नवरा आणि मुलगी हसतात. शाळेत पालकांच्या भेटीला आई आली म्हणून मुलगी रस्ताभर तोंड पाडून बसते. मोठ्या बहिणीच्या मुलीचं लग्न न्यूयॉर्कला, शशीला आधी एकटीने जायचं आहे. व्हिसाच्या खिडकीत विचारतात, इंग्रजी येत नाही तर तिथे राहणार कशी? तेव्हा बाजूचा माणूस म्हणतो, तुम्ही नाही का हिंदीशिवाय इथे राहत, तशीच! या जागी आज सभागृहात टाळ्या पडल्या. आम्ही मोजत होतो.

आणि कॉफीच्या दुकानातला तो प्रसंग. रांगेत उभी राहून ती मनातल्या मनात वाक्य जुळवते आहे. नंबर आल्यावर पलीकडची मुलगी प्रश्नावर प्रश्न विचारते. हवं तरी काय, किती, कसलं? मागची रांग चुळबुळते. शशी गोंधळते, धडपडते आणि बाहेर येऊन बाकावर बसून रडते. इथे श्रीदेवीने काय केलं आहे ते पुन्हा आठवून पाहा. चेहऱ्यावर मोठं काही नाही. फक्त हात. पर्स कुठे धरावी ते हातांना कळत नाही. वहिनी म्हणाली, "हे अभिनयाने येत नाही, हे घडलेलं असावं लागतं." ज्या बाईला कित्येक वर्षं कुणी स्वतःच्या आवाजात बोलू दिलं नाही, तिला हा प्रसंग कुणी शिकवायची गरज नसणार. आम्हाला तरी असंच वाटतं.

हा हलकाफुलका चित्रपट आहे, हे मात्र विसरता कामा नये. इंग्रजीच्या वर्गात इडलीची आठवण काढणारा राममूर्ती, टॅक्सी चालवणारा पाकिस्तानी सलमान खान, मेक्सिकोची मुलं सांभाळणारी बाई, केस कापणारी मुलगी, आणि फ्रेंच आचारी लॉराँ. सगळ्यांचं इंग्रजी तितकंच मोडकं, म्हणून सगळे मोकळे. हसतात, पण एकमेकांबरोबर हसतात. घरी शशीला हसणारे दोघेच होते, इथे हसणारे सहा-सात, तरी तिला तिथलं हसणं लागतं आणि इथलं लागत नाही. का, ते तुम्हीच बघा.

आता लॉराँविषयी. आमच्यातल्या दोघींना वाटतं, शशीने त्याच्याकडे जरा जास्त पाहायला हरकत नव्हती. हे कुणी म्हटलं ते सांगणार नाही, दोघींचेही यजमान इथे बसले आहेत. लॉराँ तिला सुंदर म्हणतो, तिच्या हातच्या खाण्याची कदर करतो, आणि ती आरशात स्वतःकडे पाहते, बहुतेक कित्येक वर्षांनी. दोघं बोलतात तेव्हा तो फ्रेंचमध्ये आणि ती हिंदीत, आणि तरी बोलणं पोचतं. घरात मात्र दोघांची भाषा एकच असून पोचत नाही. दुसरा एखादा दिग्दर्शक असता तर इथे पावसात गाणं टाकलं असतं, किंवा शशीला पश्चात्तापाने देवासमोर बसवलं असतं. इथे तसं काही नाही. तिला भाचीजवळ ती स्वच्छ सांगते, की तिला प्रेम कमी पडलेलं नाही, थोडा मान कमी पडला आहे. शेवटी ती लॉराँचे आभार मानते आणि आपल्या नवऱ्याकडे परत जाते. आणि नवऱ्यालाही शेवटी शंका येतेच, अजून प्रेम आहे ना? तेव्हा ती विचारते, नसतं तर तुम्हाला दोन लाडू दिले असते का? आमच्या मते या चित्रपटातली खरी प्रेमकथा ही एवढ्या एका वाक्यात आहे. वीस वर्षांच्या संसारातलं प्रेम असंच असतं, ताटात एक लाडू जास्त.

लाडवांवरून आठवलं. लग्नाच्या दिवशीच वर्गाची परीक्षा असते. केलेले लाडू मुलाच्या खोडीमुळे जमिनीवर सांडतात. ती पुन्हा लाडू करायला बसते आणि परीक्षा बुडते. तरुण मुली या जागी चिडतात. आमची वहिनीही चिडली होती. शेवटी स्वयंपाकघरच ना? पण काकूंनी सांगितलं ते ऐका. "अगं, नवरा सगळ्यांसमोर म्हणाला होता ना, ही लाडू करायलाच जन्माला आली आहे. तिला ते लागलं. पण लाडू तिचा स्वतःचा धंदा आहे, त्यात तिची पत आहे. तो वाया कसा जाऊ देईल? ज्यात आपण पक्के आहोत ते टाकून जे कच्चं आहे त्याच्यामागे धावायचं, हे तिने केलं नाही." याच वर्गात तिला उद्योजक या अर्थाचा तो लांबलचक इंग्रजी शब्द पहिल्यांदा मिळतो आणि रस्त्याने ती तो घोकत जाते. काम ती वर्षानुवर्षं करत होती. नाव तेवढं मिळायचं राहिलं होतं.

परीक्षा मग लग्नाच्या मांडवातच होते. बोलायची वेळ येते, नवरा उठून सांगायला लागतो की हिचं इंग्रजी फारसं चांगलं नाही. ती त्याला थांबवते आणि उभी राहते. इंग्रजी मोडकंच आहे. व्याकरण चुकतं. पण एकही माणूस हसत नाही. संसारात दोघं बरोबरीचे असावेत, आणि आपल्या माणसांनी आपल्याला कमी लेखू नये, एवढंच ती सांगते.

इथवर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण लागलं ते पुढच्या शनिवारी, आणि त्यासाठीच आम्ही आज इथे बोलायला उभ्या आहोत.

आमच्यातल्या एकीने सांगितलं, "मला मुलगा म्हणायचा, शाळेत तू येऊ नको, बाबांना पाठव." दुसरीने सांगितलं, बँकेत आजही अर्ज भरताना हात थरथरतो. अशा गोष्टी सगळ्यांजवळ होत्या. मग काकू म्हणाल्या, इंग्रजीचं सोडा, आपल्या मराठीला किती हसले लोक ते आठवा.

आणि मग जे निघालं ते निघालं! आपल्यातल्या जुन्या घरांना माहीत आहे, की १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच हैदराबाद राज्यात होते. लातूर, नांदेड, औरंगाबादहून माणसं इथे शिकायला, नोकरीला, कोर्टकचेरीला येत. उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड, चारही भाषा रस्त्यावर. सीमा बदलली, मराठवाडा तिकडे गेला, आपण इथे राहिलो. आपल्या मराठीत उर्दू मिसळली, तेलुगू मिसळली. आणि त्या दखनीनेही आपल्याकडून घेतलंच की, इथला प्रत्येक रिक्षावाला 'नक्को' म्हणतो ते आपलंच 'नको' आहे.

पण पुण्याला लग्नाला गेलो की काय होतं? कुणी काही विचारलं आणि तोंडून 'हौ' गेलं, की मुली तोंडावर रुमाल धरतात. आमच्यातल्या एकीच्या यजमानांनी तर कमालच केली. मंगल कार्यालयातून निघायची घाई, दारात व्याह्यांची दुचाकी आडवी उभी. यांनी आपल्या सवयीने मोठ्याने सांगितलं, "काका, आधी बंडी काढा, मग निघता येईल!" इथे बंडी म्हणजे गाडी, तेलुगूतली. तिथे बंडी म्हणजे अंगातली. व्याही बिचारे सदऱ्याच्या गुंड्यांकडे बघत राहिले. आज आपण हसतो आहोत. त्या दिवशीही सगळे हसले. पण ती सांगत होती, त्यानंतर दोन दिवस यजमान लग्नघरात तोंड उघडून बोलले नाहीत. चांगला बोलका माणूस. पुढच्या लग्नाला आलेच नाहीत, सुट्टी नाही म्हणाले.

आम्ही सगळ्या पुणेकरांवर रागावलो. बराच वेळ रागावलो. आणि मग धाकटी वहिनी, जी इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, "काकू, रागावणार नसाल तर सांगते. मी सून होऊन आले ती तेलुगू माध्यमातून शिकलेली. घरात मराठी, पण लिहिता-वाचता नाही. मंडळात पहिल्या हळदीकुंकवाला मी 'मला भूक लागला' असं म्हणाले होते. कोण कोण हसलं होतं ते मला आठवतं."

आम्हालाही आठवलं. आम्हीच हसलो होतो. सहाच्या सहा जणी. वर हौसेने चार ठिकाणी सांगितलंही होतं. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता, कौतुकच होतं. पण शशीचा नवरा तरी कुठे वाईट आहे हो? मारत नाही, टाकून बोलत नाही, बायकोवर जीव आहे. फक्त गंमत करतो. तो चित्रपटातला खलनायक नाही, म्हणूनच तो आपल्याला ओळखू येत नाही.

मग गेल्या वर्षीची वक्तृत्व स्पर्धा आठवली. याच मंचावर एक सातवीतली मुलगी 'माझे आवडते आजोबा' या विषयावर बोलायला उभी होती. नाव घेत नाही. ती म्हणाली, "माझी आजोबा रोज मला गोष्ट सांगतात." सभागृह खदखदून हसलं. प्रेमानेच. ती थांबली. मग तिने पुढचं भाषण इतकं भराभर संपवलं की तिच्या आजोबांची गोष्ट काय होती ते कुणालाच कळलं नाही. यंदाच्या यादीत आम्ही तिचं नाव शोधलं. ते नाही. यंदा त्या गटात एकूण नावं किती आली, माहीत आहे? तीन. आणि आपण दर सभेत म्हणतो, नवी पिढी मंडळात येत नाही, त्यांना मराठीची आवड नाही, मोबाइल, इंग्रजी शाळा. ती कारणं खरी असतीलही. पण दारात आपणही उभे आहोत.

याच चित्रपटातली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. यातली गाणी स्वानंद किरकिरे यांनी लिहिली आहेत. ते इंदूरचे, म्हणजे आपल्यासारखेच, महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी घरातले. लग्नाचं जे गाणं आहे, 'नवराई माझी', त्यात इतर गायकांबरोबर एक आवाज नीलांबरी किरकिरे यांचा आहे, म्हणजे त्यांच्या आईचा. पुण्यातल्या बाईची गोष्ट, न्यूयॉर्कचं लग्न, तमिळ-तेलुगू घरातली नायिका, आणि त्यात मराठी शब्द घेऊन येते इंदूरची एक आई. शशीच्या सासूबाई झालेल्या सुलभा देशपांडे मुंबईच्या रंगभूमीच्या. कॅमेरा लक्ष्मण उतेकरांचा. सगळ्यांनी मिळून केलं तेव्हा ते मराठी घर उभं राहिलं. तिथे कुणी कुणाचा उच्चार तपासत बसलं असतं, तर श्रीदेवीला गोडबोले व्हायला मिळालंच नसतं.

एक तक्रार आमची आहे, तीही नोंदवतो. शेवटी परतीच्या विमानात शशी हवाईसुंदरीला नीट इंग्रजीत विचारते, हिंदी वर्तमानपत्र आहे का? इंग्रजी शिकली, पण वाचायला आपली भाषाच मागितली. प्रसंग फार सुरेख. पण काकूंचं म्हणणं, पुण्याच्या गोडबोले बाईंनी 'सकाळ' मागायला हवा होता. हे काकूंनी दिग्दर्शिकेला पत्र लिहून कळवायचं ठरवलं आहे.

या चित्रपटानंतर श्रीदेवीला २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१७ मध्ये 'मॉम' केला. २४ फेब्रुवारी २०१८ ला ती दुबईत गेली. 'मॉम'साठीचं राष्ट्रीय पारितोषिक तिच्या मागे जाहीर झालं. परत येऊन तिला पाच-साडेपाच वर्षंच मिळाली. त्या रविवारी सकाळी बातमी आली तेव्हा आमच्या प्रत्येकीच्या घरी शेजारचे तेलुगू लोक येऊन बसले होते, कुणीतरी आपल्या घरातलं गेल्यासारखे. आम्ही त्यांच्याशी आमच्या मोडक्या तेलुगूत बोललो. कुणी हसलं नाही.

आता शेवटचं. कार्यकारिणीला आमची एक विनंती आहे, आणि ती आम्ही लेखीही दिली आहे. उद्या सकाळी मुलांची वक्तृत्व स्पर्धा आहे. परीक्षकांनी उच्चाराचे आणि व्याकरणाचे गुण यंदा बाजूला ठेवावेत. मूल काय सांगतंय त्याला गुण द्यावेत. मधे तेलुगू शब्द आला, दखनी आला, इंग्रजी आला, तर येऊ द्यावा. चूक सांगायचीच असेल तर नंतर, खाली, जवळ घेऊन सांगावी. आणि समोर बसलेल्या आपण सर्वांनी एवढं करावं, की मुलाच्या गोष्टीला हसू आलं तर खुशाल हसावं, त्याच्या मराठीला हसू नये. स्पर्धेसाठी नावं आज रात्री आरतीपर्यंत घेणार आहोत, वही वहिनीकडे आहे. तीच ती, भूक लागलेली. गेली चार वर्षं मंडळाच्या स्मरणिकेचं मुद्रितशोधन तीच करते, हे फार थोड्यांना माहीत आहे.

त्या आजोबांच्या नातीचं घर आम्हाला ठाऊक आहे. दुपारी आमच्यातल्या दोघी जाऊन आल्या. ती अजून हो म्हणालेली नाही. तिची आई म्हणाली, बघते. आजोबा आज इथे आले आहेत, तिसऱ्या रांगेत बसले आहेत. आजोबा, ती गोष्ट काय होती ते आम्हाला तिच्याच तोंडून ऐकायचं आहे. घरी गेल्यावर तेवढा निरोप तिला द्या.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाला लागलं असेल, तर लहान समजून सांभाळून घ्या. आरतीची वेळ झाली आहे. प्रसादाला लाडूच आहेत. प्रत्येकाला एक मिळेल, दोन कुणाला द्यायचे ते ज्याचं त्याने घरी ठरवावं.